मधले गाव

मुंबईहून कोलकत्याला आगगाडीने जायचे ठरले, की मराठी घरात वेळापत्रक उघडले जाते आणि एक प्रश्न हमखास निघतो : मध्ये कुठे उतरायचे? नागपूरमार्गे हे अंतर १९६८ किलोमीटरांचे. बरोबर वृद्ध माणसे असली, लहान मुले असली, तर एका दमात ते काटणे जिवावर येते. रेल्वेच्या नियमांनीही या थकव्याची दखल घेतलेली आहे. पाचशे किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर, पहिले पाचशे किलोमीटर ओलांडल्यानंतर, प्रवाशाला वाटेतल्या स्थानकावर उतरता येते, दोन दिवस राहता येते आणि त्याच तिकिटावर पुढची गाडी धरता येते. राजधानीसारख्या गाड्यांना तेवढी ही सवलत नाही. बोलीभाषेत याला 'ब्रेक जर्नी' म्हणतात. मग उरतो निवडीचा भाग. नागपूर बहुधा वगळले जाते, कारण तिथे कोणी ना कोणी नातेवाईक असतोच आणि दोन दिवसांत सुटका होत नाही. राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, बिलासपूर ही नावे एकामागून एक उच्चारली जातात. क्वचित कोणी भिलाई सुचवतो. त्यावर उत्तर म्हणून एक प्रश्नच येतो : तिथे काय आहे?

प्रश्न निरुपद्रवी दिसतो. त्याच्या पोटात मात्र एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की दोन मोठ्या शहरांच्या मधल्या गावाने आपल्या अस्तित्वाचे समर्थन वाटसरूपुढे केले पाहिजे. मुंबईला आणि कोलकत्याला 'तिथे काय आहे' असे कोणी विचारत नाही. ती गंतव्यस्थाने आहेत, त्यांचे असणे स्वयंसिद्ध आहे. मधले गाव तेवढे पुराव्यासकट हजर व्हायचे. देऊळ, किल्ला, तळे, निदान एखादा खाद्यपदार्थ दाखवायचा आणि मग निवड होते किंवा होत नाही याची वाट पाहायची. एखाद्या गावाला केवळ दोन स्थळांमधले अंतर सुसह्य करण्यासाठी वापरणे योग्य आहे काय, आणि वापरायचेच असेल तर त्या वापराला काही मर्यादा आहे काय, हा विचार प्रवासाची आखणी करताना सहसा कोणी करीत नाही.

याचे सर्वांत सुखद रूप पाहायचे असेल तर इटलीकडे पाहावे. फ्लॉरेन्सहून रोमला जाणाऱ्याला जाणकार मंडळी सांगतात, की सरळ जाऊ नका, आरेत्सो किंवा ओर्व्हिएतो इथे उतरा. ओर्व्हिएतोचे स्थानक पायथ्याशी आहे आणि गाव एका उभ्या कड्याच्या माथ्यावर. १२९० मध्ये पायाभरणी झालेले तिथले कॅथेड्रल आणि त्यातली लूका सिन्योरेल्ली याची भित्तिचित्रे पाहून प्रवासी संध्याकाळची गाडी पकडतो आणि आपल्या निवडीवर खूश होतो. १९९९ मध्ये इटलीतल्या काही छोट्या गावांच्या नगराध्यक्षांनी एकत्र येऊन संथ जगण्याचा आग्रह धरणारी जी 'चित्तास्लो' चळवळ सुरू केली, तिच्या संस्थापकांत ओर्व्हिएतोचाही समावेश होता. मधल्या गावाने आपले मधलेपण अभिमानाने मिरवावे, असा तो प्रकार आहे. पण इथे थांबणाऱ्याची कसोटी लागत नाही. ओर्व्हिएतो त्याच्या दोन तासांची भरपूर परतफेड करते. जिथे मोबदला रोख मिळतो, तिथे थांबणे हा एक सौदा असतो, आणि चांगल्या सौद्यात नैतिक प्रश्न सहसा उद्भवत नाहीत.

शिवाय एखादे स्थळ 'मधले' आहे की नाही हे त्या स्थळावर अवलंबून नसते. १७८६ च्या ऑक्टोबरात गटे रोमच्या ओढीने इतका झपाटलेला होता, की साक्षात फ्लॉरेन्स शहर त्याने अवघ्या तीन तासांत उरकले. पुढे असिसीला पोचल्यावर संत फ्रान्सिसची बॅसिलिका, आणि तिच्यातली जगप्रसिद्ध भित्तिचित्रे, डाव्या हाताला टाकून तो मिनर्व्हाचे प्राचीन रोमन मंदिर तेवढे पाहायला गेला. एवढा मोठा कवी, एवढी तीक्ष्ण नजर. पण मन रोमला आधीच पोचलेले असल्यामुळे वाटेत जे रोमसारखे होते तेवढेच त्याला दिसले. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी कांटने माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये हा आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला होता. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. साधन म्हणून वापर तर सगळेच सगळ्यांचा करतात. प्रवासी खानावळवाल्याचा करतो आणि खानावळवाला प्रवाशाचा. आक्षेप आहे तो वापरापलीकडे काही न उरण्याला.

भारतीय परंपरेने हा प्रश्न दोन्ही बाजूंनी हाताळलेला दिसतो. मनुस्मृतीप्रमाणे जो एकच रात्र राहतो तो अतिथी. त्याचे राहणे नित्य नसते, म्हणूनच तो अतिथी. थांबण्याचा अल्पपणा हा इथे दोष नाही, उलट तीच आदराची अट आहे. दुसऱ्या बाजूला संन्याशांसाठी आणि श्रमणांसाठी नियम होता, की पावसाळा सोडला तर खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच रात्रींहून अधिक राहू नये. महावीरांच्या चर्येचे वर्णनही जैन परंपरा असेच करते. नियमामागचा हेतू दुहेरी होता : साधूला गावाचा मोह पडू नये, आणि गावाला साधूचा भार होऊ नये. हा दुसरा हेतू आज विसरला गेला आहे. मधल्या गावाचा विचार प्रवाशाच्या सोयीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

मराठी मनाला अधिक जवळचे उदाहरण वारीचे. आळंदीहून निघालेल्या पालखीला पंढरपूरपर्यंत जी गावे लागतात, त्यांत 'विसावा' वेगळा आणि 'मुक्काम' वेगळा. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही मुक्कामाची गावे वर्षभर त्या एका रात्रीचा हिशोब ठेवतात. मुद्दा असा, की ही गावे वारकऱ्याने निवडलेली नाहीत; क्रम परंपरेने ठरलेला आहे. 'तिथे काय आहे' हा प्रश्न वेळापूरविषयी कोणी विचारत नाही, कारण वेळापूर वगळण्याचा अधिकारच कोणाला नाही. जिथे निवड नाही तिथे गावाचा हक्क शाबूत राहतो. (वारी पुढे गेल्यावर मागे राहणारी घाण आणि आटलेल्या विहिरी हाही त्या हिशोबाचा भाग आहे; भक्तिरसाच्या वर्णनांत त्याला जागा मिळत नाही, एवढेच.)

छत्तीसगडशी मराठी माणसांचा पहिला मोठा संबंध आला तोही 'वाटेतला प्रदेश' म्हणूनच, ही गोष्ट इथे आठवणे भाग आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम पूर्वेच्या मोहिमेवर निघाला. लक्ष्य बंगालचे होते, रतनपूर वाटेत होते. वाटेतले म्हणून ते जिंकले गेले आणि त्याच्यावर दंड बसवला गेला. भास्करराम स्वतः १७४४ मध्ये बंगालमध्ये मारला गेला. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करू लागले आणि मुक्कामाचे वास्तव्य झाले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा छत्तीसगडही त्याबरोबर गेले. आजही रायपूर, दुर्ग, बिलासपूर इथली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि दारात छत्तीसगढी किंवा हिंदी बोलतात. एका मधल्या गावाला सहज जाता जाता काय काय सोसावे लागते, याचा हा मराठी इतिहासातला दाखला फारसा सांगितला जात नाही.

आता भिलाई. मुंबईहून सुमारे अकराशे किलोमीटर, हावड्याहून पावणेनऊशेच्या आत. म्हणजे जवळजवळ मध्यावर. १९५५ पर्यंत भिलाई हे दुर्गजवळचे एक खेडे होते आणि भोवताली भाताची शेते. त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला; ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येऊ लागले. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशा, महाराष्ट्र असे चहूकडून लोक आले. सेक्टर पडले, रुंद रस्ते झाले, झाडे लागली. रशियन तंत्रज्ञ आपल्या कुटुंबांसह काही वर्षे राहिले आणि परत गेले; त्या मैत्रीची खूण म्हणून मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालय आणि उद्यान मागे राहिले. ज्या संघाशी मैत्री झाली तो १९९१ मध्ये नाहीसा झाला, बाग आहे.

या गावाचे वैशिष्ट्य असे, की इथे जवळजवळ प्रत्येक घराण्याने सुरुवात मुक्कामाने केली. चार-पाच वर्षे नोकरी करावी, पैसे गाठीला बांधावेत आणि गावी परतावे, असे म्हणत माणसे आली. मुले इथल्या शाळांत शिकली, लग्ने झाली, निवृत्तीचा दिवस आला. कारखान्याचे क्वार्टर सोडण्याची वेळ आली, तेव्हा कित्येकांच्या लक्षात आले की ज्या गावी परतायचे त्या गावाला आता आपण पाहुणे झालो आहोत. भिलाईतल्या मराठी घरांत 'आमचे गाव' म्हणून विदर्भातले एखादे खेडे सांगितले जाते, आणि त्या खेड्यात गेल्यावर 'भिलाईवाले आले' असे म्हटले जाते. ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले त्या मूळच्या छत्तीसगढी माणसांची गोष्ट याहून निराळी. ते कुठून आले नव्हते आणि कुठे जाणार नव्हते. त्यांचे गावच त्यांच्या पायांखालून निघून गेले. सगळ्यांच्या मुक्कामाची सोय करताना यजमानच बेघर होतो, असे क्वचित घडते. विकासाच्या इतिहासात मात्र ते वारंवार घडलेले आहे.

आणि तरीही 'तिथे काय आहे' या प्रश्नाला भिलाईचे एक उत्तर आहे, ते प्रवाशाच्या पायांखालीच आहे. भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात. कित्येक दशके भारतीय रेल्वेला रूळ पुरवण्याचे काम प्रामुख्याने याच कारखान्याने केले. १३ मीटरांच्या तुकड्यांपासून आरंभ झाला आणि आता १३० मीटर लांबीचा अखंड रूळ इथे निघतो. असे दोन जोडून २६० मीटरांचे पट्टे मालगाडीवर चढवले जातात. भिलाईवरून जी गाडी न थांबता पुढे जाते, ती पुष्कळदा भिलाईवरूनच जात असते. नुसत्या शब्दांचा हा खेळ नाही. मोठ्या शहरांचे एकमेकांशी असलेले नाते मधल्या गावांनी धरून ठेवलेले असते, आणि ते धरून ठेवण्याची अट अशी असते की ते दिसू नये. सांधा जाणवला नाही तर रूळ उत्तम समजला जातो.

एकदा मात्र या गावाने गाड्या थांबवल्या. शंकर गुहा नियोगी हा बंगालकडून आलेला तरुण. १९६० च्या दशकात याच कारखान्यात कोक भट्टीवर कामाला होता. तो वाटसरू म्हणून आला आणि वाटसरू राहिला नाही. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांची संघटना त्याने बांधली. त्या कामगारांनी स्वतःच्या पैशांतून आणि श्रमांतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्याची गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलैला, कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे या आणि अशा मागण्यांसाठी हजारो कामगार, त्यांत पुष्कळ स्त्रिया आणि मुले, भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. मुंबई-हावडा मार्ग दिवसभर अडून राहिला. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक माणसे मेली.

त्या दिवशी अडकून पडलेल्या गाड्यांतही माणसे होती. कोणाला परीक्षेला जायचे असेल, कोणाला रुग्णाकडे, कोणाला नुसते घरी. त्यांचा त्रास खोटा नव्हता, आणि तो खोटा ठरवून हा प्रश्न सुटत नाही. पण 'गाडी का थांबली आहे' असे डब्यातून विचारणारा माणूस आणि रुळावर बसलेला माणूस यांच्यामध्ये जे अंतर होते, ते त्या एका दिवसात निर्माण झालेले नव्हते. वर्षानुवर्षे जे गाव खिडकीतून धुराडी आणि रात्रीचे दिवे एवढ्याच रूपात दिसत आले, ते एकाएकी माणसांच्या रूपात समोर आले तेव्हा त्याला अडथळा हेच नाव मिळाले. जिथे स्वेच्छेने कधी उतरणे झाले नाही, तिथे थांबायला लागणे ही शिक्षाच वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. प्रवाशाने भिलाईत एक रात्र काढली म्हणून भिलाईचे काय भले झाले? लॉजचे भाडे, रिक्षाचे पैसे, दोन वेळचे जेवण. उलट 'आम्ही मुद्दाम छोट्या गावात उतरतो' असे सांगण्यात एक सूक्ष्म अहंकार असतो. प्रसिद्ध स्थळे सर्वसामान्यांसाठी आणि अप्रसिद्ध स्थळे रसिकांसाठी, अशी ती प्रतवारी असते. इटलीतल्या टेकडीवरच्या गावांना आज याच रसिकतेचा भार सोसेनासा झाला आहे. शोध लागलेले गाव लवकरच शोधकांसाठी सजवलेले गाव होते. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. प्रवाशाच्या थांबण्याने गावावर उपकार होतात ही समजूत 'तिथे काय आहे' या प्रश्नाचीच सख्खी बहीण आहे.

पण भिलाईच्या बाबतीत या अहंकाराला पुरेसे खाद्य मिळत नाही, हा त्या गावाचा मोठा गुण मानला पाहिजे. चरोद्याजवळ रेल्वेमार्गाला लागून देवबलोद्याचे कलचुरीकालीन शिवमंदिर आहे. शिखर नसलेले, भिंतींवर दाट कोरीव काम असलेले. ते पाहण्यासारखे आहे, पण कोणाचा प्रवास त्याने उजळून निघणार नाही. जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी गायन जगभर नेले. पण उतरलेल्या प्रवाशाला त्या संध्याकाळी पंडवानी ऐकायला मिळेलच असे नाही. बहुधा त्याला मिळते ती सेक्टरमधली एक शांत संध्याकाळ, पाळी सुटल्यावर सायकली आणि स्कूटरींची रांग, बाजारात चार-पाच भाषांतून चाललेली भाजीची घासाघीस. म्हणजे ज्यात प्रवाशासाठी काहीच मांडून ठेवलेले नाही असे आयुष्य. इथे सौदा होत नाही. म्हणून थांबण्याचा खरा अर्थ इथे तपासता येतो : पाहण्यासारखे काही नसताना माणूस पाहतो काय?

विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून निघाले ते मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. यज्ञ राहिला बाजूला. वाटेत झाशीला राहणे झाले आणि तिथे वेढा, लढाई, लूट, कत्तल हे सगळे त्यांनी पाहिले. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केले, ते आज वाचले जाते ते वाटेत जे दिसले त्यासाठी. दक्षिणेसाठी निघालेल्या भिक्षुकाने झाशीचे लोक, त्यांची भीती, त्यांची भूक यांना पुढे जाण्यातला व्यत्यय मानले असते तर मराठीत एक पुस्तक कमी झाले असते. अर्थात गोडसे भटजींना निघून जाण्याची मोकळीक नव्हती, हेही खरे; वेढ्यातल्या माणसाला ब्रेक जर्नीचे नियम लागू नसतात.

मोकळीक असूनही मधल्या गावात राहिलेल्याचे उदाहरण भिलाईच्या शेजारीच आहे. राजनांदगावला दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये अध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले. उज्जैन, जबलपूर, नागपूर अशी पुष्कळ स्थानके घेऊन ते इथे पोचले होते, आणि साहित्याच्या दृष्टीने हे स्थानक सर्वांत लहान. दोन तळ्यांच्या मधला जुना राजवाडा, त्यात महाविद्यालय आणि तिथेच राहणे. १९६४ मध्ये आजाराने त्यांना भोपाळला आणि मग दिल्लीला नेईपर्यंत ते तिथे होते. त्यांच्या उत्तरकाळातल्या महत्त्वाच्या दीर्घ कविता या सहा वर्षांत पूर्णतेला गेल्या. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह निघाला तेव्हा तो हातात घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत ते वारले. त्या वर्षांत मुंबई-हावडा मेल राजनांदगावावरून रोज जात होती, आणि डब्यातल्या मराठी प्रवाशाला तिथे काय आहे हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

लांबच्या प्रवासातला माणूस भिलाईला यायचे तर बहुधा दुर्गला उतरतो, कारण मोठ्या गाड्या तिथे हमखास थांबतात. पॉवर हाऊस स्थानकावर काही थांबतात, पुष्कळ थांबत नाहीत. तिथल्या फलाटावर संध्याकाळी लोकलची वाट पाहणारे लोक उभे असतात : पाळी संपवून रायपूरकडे जाणारे, भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका, शिकवणीहून परतणारी मुले. एखादी धडधडत जाणारी मेल आली, की धुळीपासून वाचण्यासाठी ते एक पाऊल मागे सरतात. गाडी कुठे चालली आहे हे त्यांना माहीत असते. ती गेल्यावर ते पुन्हा पुढे येतात आणि लोकल किती उशिरा आहे, ते एकमेकांना विचारू लागतात.